घेरी

मूर्च्छा आणि घेरी या दोन शब्दांत अर्थाचे अंतर थोडे आणि प्रतिष्ठेचे अंतर फार. मूर्च्छा राजवाड्यात येते. घेरी रेशनच्या रांगेत. मूर्च्छा आलेल्याच्या तोंडावर गुलाबपाणी शिंपडतात. घेरी आलेल्याच्या नाकाशी कांदा फोडून धरतात, आणि कांदा हाताशी नसला तर चप्पल. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात खुद्द श्रीरामचंद्र सीतेच्या आठवणीने पुन्हा पुन्हा मूर्च्छित होतात, पण त्यांची नाडी पाहा असे कोणी म्हणत नाही. जुन्या मराठी कादंबऱ्यांतल्या नायिकाही वाईट बातमी कानी पडली की कोसळत. मात्र कोसळताना मंचक जवळपास असेल एवढी काळजी लेखक घेत असे. माझ्या पाहण्यातल्या माणसांना असा दयाळू लेखक लाभला नव्हता. ती पडली ती एसटीच्या थांब्यावर, न्हाणीघराच्या फरशीवर, रक्त तपासण्यासाठी हात पुढे करून बसलेली असताना. आणि एक उंचापुरा गृहस्थ तर बायकोच्या बाळंतपणाच्या खोलीत. तिकडे बाळ रडत होते, आणि इकडे दोन परिचारिका बाळाच्या बापाला वारा घालीत होत्या.

मराठीला या बाबतीत शब्दांची वानवा नाही. चक्कर, भोवळ, घेरी, झीट, अंधारी, मूर्च्छा, फीट, आकडी, फेफरे. परंतु हे शब्द आपण भाजलेल्या शेंगदाण्यांसारखे वापरतो; मुठीतून हाताला येईल तो तोंडात. वास्तविक ज्याला चक्कर येते त्याच्याभोवती जग फिरत असते आणि तो जागेवर असतो. ज्याला घेरी येते त्याच्याभोवती जग जागेवर असते आणि तोच थोडा वेळ निघून जातो. आकडीची तऱ्हा आणखी तिसरीच. या शब्दांतून नेमका कोणता उचलायचा हे डॉक्टरांचे पहिले काम. तो शब्द चुकला तर पुढचे सगळेच चुकत जाते. कसे, ते मी माझ्या बहिणीच्या घरी पाहिले आहे.

माझी भाची तेव्हा नववीत होती. २०१३ सालच्या स्वातंत्र्यदिनी शाळेच्या मैदानावर झेंडावंदन होते. मुली सकाळी साडेसहापासून रांगेत उभ्या. पाहुणे आले आठाला. हवा पावसाळी, कोंदट. घाईघाईत निघताना भाचीने दुधाचा पेला तसाच ओट्यावर ठेवला होता. पाहुण्यांचे भाषण १८५७ सालापासून सुरू झाले आणि लोकमान्यांपर्यंत येऊन पोचायच्या आत आमची भाची खाली पडली. पडल्यावर तिचे हात दोनचारदा झटकले गेले. रांगेतून कोणीतरी ओरडले, “फीट आली!” हा एक शब्द मैदानावरून वर्गात, वर्गातून शिक्षकांच्या खोलीत आणि तिथून ताईच्या घरी, भाची पोचण्याच्या आधीच येऊन बसला. पुढच्याच महिन्यात गणपतीच्या आरतीला, बंद खोलीत, धुपाच्या धुरात आणि पन्नास माणसांच्या गर्दीत ती दुसऱ्यांदा पडली.

मग दवाखाना झाला. मेंदूचा फोटो निघाला, मेंदूतल्या विजेचा आलेख निघाला. दोन्हींत काही सापडले नाही. परंतु “हातपाय उडाले होते ना?” हा प्रश्न आणि “हो” हे उत्तर, एवढ्या भांडवलावर फेफऱ्याच्या गोळ्या सुरू झाल्या. पोर दिवसभर पेंगू लागली. तिचे पोहणे बंद झाले, सायकल कुलपात गेली, रायगडाच्या सहलीला सगळा वर्ग गेला आणि ती घरी बसली. ताई रात्री दोनदोनदा उठून तिचा श्वास चाललाय ना ते बघे. शेजारच्या काकू प्रेमळच, त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “बोभाटा नको हो करू. मुलीची जात आहे.” गोळ्या चालू असतानाही ती आणखी दोनदा पडली. म्हणून गोळी वाढवली गेली.

२०१५ साली कोणीतरी दुसऱ्या एका डॉक्टरांचे नाव सुचविले म्हणून आम्ही तिघे त्यांच्याकडे गेलो. हे डॉक्टर वयस्क. बोलायला कमी, ऐकायला जास्त. ताईने फुगलेली फाईल पुढे सरकवली, ती त्यांनी तशीच बाजूला ठेवली आणि खुर्ची भाचीकडे वळवून विचारले, “बाळ, पडण्याच्या आधीची गोष्ट सांग. उभी होतीस का बसलेली? काही खाल्लं होतंस? पहिल्यांदा काय झालं?”

आजवर तिला असे कोणी विचारले नव्हते. सगळे विचारीत ते ताईला. ती थोडी थांबून बोलू लागली. आधी पोटात ढवळते. मग जांभया येतात. मग आवाज लांब जातात, आपण विहिरीत उतरलो आहोत आणि माणसे काठावर बोलताहेत असे वाटते. डोळ्यांपुढचे रंग उडतात. मानेवर गार घाम येतो.

“आणि मग?”

“मग काही नाही. मग सगळे वरून वाकून बघत असतात.”

घेरीची मोठी अडचण ती हीच. ज्याच्यावर ती गुदरते तोच तेवढा त्या प्रसंगाला हजर नसतो. पोट दुखले तर दुखणाऱ्याइतकी पक्की साक्ष दुसऱ्या कोणाची नाही. इथे मात्र गोष्टीचा मधला, सर्वांत महत्त्वाचा तुकडा शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे राहतो. आणि शेजारचा माणूस त्या वेळी बहुधा ओरडत असतो, पाणी आणायला पळत असतो, नाहीतर कांदा शोधत असतो. डॉक्टरांनी विचारले, “हिला पडताना कोणी पाहिलं आहे? पडल्यावर नव्हे, पडताना?” ताईने मान हलवली. तिने लेक पाहिली ती दर वेळी अंथरुणावर.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. शिक्षकांची तोंडे त्या दिवशी पाहुण्यांकडे होती, मुलींची झेंड्याकडे. शेवटी पाण्याच्या टाकीजवळ उभ्या असणाऱ्या शिपाई मावशी सापडल्या. दोन वर्षांमागची गोष्ट. पण त्यांना ती कालच्यासारखी आठवत होती. त्यांना घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. मावशी खुर्चीच्या कडेवर बसून सांगू लागल्या :

“मी पोरीकडंच बघत हुते. तिचा रंग आदी गेला बगा. व्हट सुदिक पांढरं. कपाळावर घाम डवरला. मी म्हनलं, ही आता बसंल, तर बाई बोलत्यात म्हनून बसंना. मग फडकं गळावं तशी मऊ खाली आली, लाकडावानी न्हाई. डोळं उघडंच हुतं. हात उडालं चारपाच येळा, मी जवळ जाईस्तवर थांबलं बी. आन् लगीच डोळं फिरवून मला म्हनती कशी, ‘मावशी, माझी रिबीन सुटली का हो?’”

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली आणि मावशींना हात जोडले. म्हणाले, “दोन वर्षांत कोणत्याही यंत्राला जे सांगता आलं नाही ते तुम्ही सांगितलंत.”

मग त्यांनी आम्हाला एकेक गोष्ट उलगडून दाखवली. आकडीचा माणूस बहुधा लाकडासारखा ताठ होऊन पडतो. चेहरा निळसर, काळपट होतो. झटके मिनिटभर, कधी त्याहून अधिक चालतात. जिभेची कड दातांखाली सापडते. आणि शुद्धीवर आल्यावरही बराच वेळ तो भांबावलेला असतो, घरची माणसेही ओळखत नाही. घेरीचा माणूस आधी पांढराफटक पडतो, घामाने निथळतो, मऊ होऊन कोसळतो आणि आडवा होताच थोड्या सेकंदांत भानावर येऊन रिबिनीची चौकशी करतो. राहिले हातांचे झटके. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडले की हातपाय थोडे उडतात. त्याचा फेफऱ्याशी संबंध नाही. बर्लिनमधल्या डॉक्टरांनी १९९४ साली निरोगी तरुणांना मुद्दाम घेरी आणवून त्याचे चित्रीकरण केले होते. ४२ जणांची शुद्ध पुरती हरपली, आणि त्यांतल्या शेकडा ९० जणांचे हातपाय उडाले. म्हणजे ज्या एका खुणेवर आमच्या भाचीचे फेफरे उभे होते, ती खूण घेरीतही नेहमीचीच निघाली.

“मग हे आहे तरी काय?” ताईने विचारले. डॉक्टरांनी कागदावर माणसाची आकृती काढली. त्यांनी जे सांगितले आणि पुढे मी जे वाचले ते थोडक्यात असे. आपण उठून उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त आपल्या वजनाने पोटात आणि पायांत उतरते. मानेतल्या रोहिणीत आणि हृदयापासून निघणाऱ्या महारोहिणीत रक्ताचा दाब ओळखणारे पहारेकरी बसलेले असतात. ते मेंदूला वर्दी देतात, आणि मेंदू तिथल्या तिथे हुकूम सोडतो : रक्तवाहिन्या आवळा, हृदयाची गती वाढवा. आपल्याला याचा पत्ताही लागत नाही. डोळ्यापुढे हात आला की पापणी मिटते, त्याच जातीची ही प्रतिक्षिप्त क्रिया. परंतु काही माणसांत काही वेळा, म्हणजे फार वेळ उभे राहणे, उकाडा, उपाशी पोट, वेदना, भीती किंवा रक्ताचे नुसते दर्शन अशा निमित्ताने, हा हुकूम एकदम उलटा सुटतो. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि हृदय मंदावते. दाब घसरतो. मेंदूकडे रक्त पोचेनासे झाले की सहा ते आठ सेकंदांत माणसाची शुद्ध जाते.

हृदय मंदावण्याचा निरोप ज्या मज्जातंतूतून जातो त्याचे नाव व्हेगस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘भटक्या’. कवटीतून निघून हा बैरागी गळा, छाती, पोट असा हिंडत आतड्यांपर्यंत जातो. हा तंतू चेतवला तर हृदय थांबते हे वेबर बंधूंनी १८४५ साली दाखवून दिले. पुढे १९२१ साली ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरी ऑटो लोवी यांना बेडकांच्या हृदयांवर करायचा एक प्रयोग स्वप्नात सुचला. व्हेगस चेतवून मंद केलेल्या एका हृदयाभोवतीचे पाणी त्यांनी दुसऱ्या हृदयावर सोडले, तर तेही मंद झाले! मज्जातंतू आपला निरोप रसायनाच्या हाती देतो हे त्यातून कळले, आणि लोवींना १९३६ साली हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पण घेरीचा सगळा दोष या भटक्याच्या माथी मारता येत नाही. घेरीत मंदावलेली नाडी औषधाने वाढवली तरी दाब सावरत नाही, हे लंडनच्या थॉमस लुईस यांनी १९३२ साली दाखविले. रक्तवाहिन्यांचे सैल पडणेही तितकेच कारणीभूत. म्हणून या घेरीचे नाव दोघांना जोडून झाले : व्हॅसोव्हेगल सिंकोपी. ‘व्हॅसो’ म्हणजे रक्तवाहिन्यांचे, ‘व्हेगल’ म्हणजे व्हेगसचे. नाव भारदस्त, पण दुखणे घरोघरचे. अशी घेरी आयुष्यात एकदा तरी येऊन गेली नाही असे कुटुंब सापडणे कठीण. आपल्या पूर्वजांनाही ती ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूर्च्छेचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक रक्ताच्या गंधाने येणारा. उपाय म्हणून गार पाणी शिंपडणे आणि पंख्याचा वारा सांगितला आहे. कांद्याचे आणि चपलेचे नाव नाही.

डॉक्टरांची खात्री पटली होती. पण दोन वर्षे डोक्यावर बसलेला शब्द उतरवायचा तर भाचीचीही खात्री पटायला हवी. त्यांनी तिची झुकत्या टेबलाची तपासणी करायचे ठरविले. १९८६ साली लंडनमध्ये काही डॉक्टरांनी ही तपासणी अशा घेरीसाठी प्रथम उपयोगात आणली. माणसाला टेबलावर पट्ट्यांनी हलकेच बांधतात, आणि टेबल जवळजवळ उभे करून नाडीवर आणि रक्तदाबावर नजर ठेवतात. बस्स, एवढेच. टोचाटोची नसली तरी ज्या गोष्टीला आपण घाबरतो तिची वाट बघत उभे राहायचे, हे काही सोपे नाही. वीस मिनिटे काही झाले नाही. मग ती म्हणाली, “आवाज लांब चालले.” पडद्यावरचे आकडे जिन्यावरून घरंगळल्यासारखे खाली आले, वरचा रक्तदाब साठाच्या खाली गेला, नाडी चाळिशीवर. तिची मान कलली. टेबल आडवे केले आणि क्षणभरात तिने डोळे उघडले.

“हेच का ते?” डॉक्टरांनी विचारले.

“हेच! हेच ते विहिरीतलं.” ती हसत होती. आपले दुखणे आपल्या डोळ्यांआड घडते आणि लोक सांगतील ते मानावे लागते, हा तिचा दोन वर्षांचा जाच त्या पडद्यावर लिहून निघाला होता. त्या खोलीत रडली ती ताई.

गोळ्या एकदम थांबवल्या नाहीत. तशा त्या आपल्या मनाने कोणी थांबवूही नयेत; डॉक्टरांनी पायरीपायरीने त्या उतरवल्या आणि वर्षाच्या आत बंद केल्या. मग आता औषध काय, असे ताईने विचारले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “पडण्याचं औषध पडणं हेच आहे.” हे वाक्य मला फार आवडले. उभ्या माणसाचे रक्त मेंदूपर्यंत चढत नाही, म्हणून शरीर त्याला आडवे करते. आडवे झाले की चढच उरत नाही. घेरी हे दुखणे खरे, पण पडणे हा त्यावरचा शरीराचा स्वतःचा इलाज. तो इलाज मोडतात ती मदतीला धावणारी माणसे! बखोट धरून उठवतात, खुर्चीवर बसवतात, शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओततात, आणि वारा येणार त्या बाजूला कडे करून उभी राहतात. करायचे ते इतकेच : आडवे ठेवा, पाय उशीवर किंवा पिशवीवर उंच करा, गळ्याशी आवळलेले सैल करा, गर्दी हटवा, आणि भान आल्यावरही दहापंधरा मिनिटे उठू देऊ नका.

घेरी येऊच नये म्हणून भाचीला जे शिकवले तेही असेच घरगुती. दिवसभरात दोन-अडीच लिटर पाणी, वेळेवर खाणे, जेवणात मीठ थोडे सढळ हाताने. मात्र रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मिठाचा हा सल्ला उचलू नये. आवाज लांब जायला लागले की लाज सोडून खाली बसायचे. उकिडवे बसता आले तर उत्तमच. बसायची सोय नसली तर पायांवर पाय टाकून मांड्या आणि पोटऱ्या आवळायच्या, किंवा दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून जोर लावून ओढायची. आवळलेले स्नायू पायांतले रक्त पिळून वर ढकलतात. हे वाचून कोणाला आजीबाईचा बटवा आठवेल. पण २००६ साली २२३ रोग्यांवर याची रीतसर परीक्षा झाली आहे. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना पुन्हा घेरी आली. या युक्त्या शिकलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांना. त्याच वर्षी दुसऱ्या एका परीक्षेत, घेरीसाठी पुष्कळ दिवस दिल्या जाणाऱ्या मेटोप्रोलॉल या औषधाचा बिनऔषधी गोळीपेक्षा अधिक उपयोग दिसला नाही. सुई किंवा रक्त पाहून पडणाऱ्यांसाठी स्वीडनमधल्या लार्स-गोरान ऑस्ट यांनी १९८० नंतरच्या दशकात अशीच युक्ती बसवली : हात, पाय, छाती आवळून धरायची, सैल सोडायची, पुन्हा आवळायची, आणि हे करता करता रक्ताकडे बघायला शिकायचे. फार वेळा पडणाऱ्यांसाठी औषधे आहेत, आणि हृदय लांबलचक थांबत असेल अशा वयस्क माणसांत कधी पेसमेकरही बसवतात. पण तो निर्णय तज्ज्ञांचा.

हे वाचून प्रत्येक घेरीकडे हसून पाहण्याचे कारण मात्र नाही. काही घेऱ्या हृदयाच्या बिघडलेल्या तालामुळे येतात, आणि त्या जिवावर बेतू शकतात. धावताना किंवा कष्ट करताना माणूस कोसळला, आडवा पडलेला असताना शुद्ध गेली, आधी काही सूचना न होता दिवा मालवावा तसा तो पडला, पडण्यापूर्वी छातीत दुखले किंवा धडधडले, घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, किंवा माणूस हृदयविकाराचा असेल, तर कांदाही नको आणि हा लेखही नको; थेट दवाखाना गाठावा. पहिली घेरी कोणाचीही असो, झोपवून आणि उभे करून मोजलेला रक्तदाब आणि एक साधा ईसीजी एवढे तरी व्हावेच. आणि डॉक्टरांकडे जाताना फाईल विसरली तरी चालेल, पाहणारा माणूस विसरू नये.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा पहिले अभ्यंगस्नान जवळ आलेले असेल. मला त्या पहाटेची मोठी गंमत वाटते, कारण घेरीला जे जे म्हणून प्रिय ते सगळे आपण त्या न्हाणीघरात मांडून ठेवतो. अंधारातले उठणे, रिकामे पोट, तेलाची मालीश, दार लावून घेतलेली खोली, वाफाळते कढत पाणी; आणि पाटावर बसून अंग चांगले सैलावले की बाहेरून हाक : “आटपा लवकर, ओवाळायचंय!” माणूस ताडकन उठतो. सैलावलेल्या वाहिन्यांतून रक्त पायांकडे धावते. घरच्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना, पाटावरून सावकाश उठू द्या. आधी घोटभर पाणी द्या. न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नका. ओवाळणीचे ताट दोन मिनिटे थांबले तर नरकासुर काही परत येत नाही.

भाचीचे लग्न २०२४ सालच्या मे महिन्यात झाले. मुलगा पाहायचे ठरले तेव्हा काकूंनी पुन्हा आवाज खाली आणून विचारले, “त्यांना ते सांगायचं का?” भाचीनेच आवाज न आणता उत्तर दिले, “मीच सांगणार आहे.” पहिल्याच भेटीत तिने त्या मुलाला सगळी कहाणी सांगितली, घेरी म्हणजे काय आणि फीट म्हणजे काय हे चहाच्या बशीवर बोटाने आकृती काढून समजावले, आणि शेवटी म्हणाली, “मला फार वेळ एका जागी उभं करू नये, एवढीच अट आहे.” मुलगा म्हणाला, “मलाही रांगेत उभं राहायला आवडत नाही.” जमले!

पण लग्न म्हणजे उभे राहणेच की. मे महिन्याची दुपार, जड शालू, डोक्यावर मुंडावळ्या, होमाचा धूर आणि अंतरपाटामागे मंगलाष्टके. घरात कवी चार. प्रत्येकाने स्वतः रचलेले आणलेले. सकाळी ताईने उपासाचे नाव काढले तेव्हा भाचीने मीठ घातलेले लिंबाचे सरबत मोठा पेलाभर तिच्यादेखत संपवले. माझ्या थोरल्या मेहुण्यांचे तिसरे कडवे चालू होते आणि सूर संपण्याच्या मनःस्थितीत नव्हता. सगळा मंडप अक्षता मुठीत धरून अंतरपाटाकडे बघत होता. शिपाई मावशी आग्रहाने बोलावल्यामुळे आलेल्या, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांची नजर मात्र अंतरपाटावरही नव्हती आणि दागिन्यांवरही नव्हती. ती भाचीच्या ओठांच्या रंगावर होती. मग ती नजर हळूहळू खाली शालूच्या काठापर्यंत गेली. तिथे मेंदीची एक टाच दुसरीवरून पलीकडे गेली होती आणि घट्ट रोवली होती. मावशी माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “बगा दादा, कशी ठाम हाय. म्हनू द्या त्यांना अजून दोन.”